सहलीचा दिवस रांगेत जाऊ नये म्हणून

गौरी-गणपती झाले, भांगलण उरकली, की आपल्या प्रत्येक गटाच्या बैठकीत एक विषय निघतो. यंदा सहल कुठे काढायची? पूर्वी उत्तर ठरलेले असायचे. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर, गोंदवले, फार तर महाबळेश्वर. आता पोरी सांगतात, "आई, देवदर्शन झालंच की दरवर्षी. एकदा त्या मोठ्या पाळण्यांच्या पार्कात जाऊ." मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात आणि बायाही म्हणतात, चला, बघू तरी.

म्हणून आज मी त्या मोठ्या पार्कांविषयी बोलणार आहे. तिथे काय बघावे हे पोरी सांगतीलच. मी सांगणार आहे तिथल्या रांगेविषयी. कारण या रांगेने आमच्या एका सहलीचे वाटोळे केले होते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या तीन गटांच्या मिळून चौतीस जणी अशाच एका पार्कात गेलो. पार्कचे नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. वार ठरवला मी, तो डिसेंबरातला रविवार. पहाटे चारला निघायचे ठरले, निघालो साडेपाचला. वाटेत दोनदा चहा, एकदा नाश्ता. पार्कच्या दारात पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि आत जत्रा भरली होती. शाळांच्या सहलींच्या बसगाड्या आम्हीच मोजल्या, सोळा होत्या. दिवस मावळेपर्यंत आमच्यातल्या बहुतेकींचे चार खेळ झाले. बाकीचा वेळ लोखंडी कठड्याला टेकून उभे राहण्यात गेला.

त्यातही आमच्या सगळ्यांत मोठ्या आक्का दिवसभर एका बाकावर बसून होत्या. चौतीस जणींच्या पिशव्या त्यांच्यापाशी. "आलोच आक्का" म्हणून जो तो जायचा आणि दीड तासाने यायचा. त्यांचा एकही खेळ झाला नाही. परतीच्या वाटेवर त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या बैठकीत सहलीच्या बचतीचे पैसे गोळा करताना त्या म्हणाल्या, "माझं नाव नका धरू. पिशव्या राखायला पैसे कशाला भरू? घरी फुकट राखते की."

बाईमागे २,४०० रुपये खर्च आला होता. दरमहा २०० रुपये बाजूला ठेवून वर्षभर साठवलेले. कुणी अंडी विकून, कुणी खुरपणीच्या रोजातून. चार खेळ झाले, म्हणजे एक खेळ ६०० रुपयांना पडला. आक्कांना तर पूर्ण २,४०० ला बाकडे पडले. हे माझ्या मनाला लागले. मग मी रांगेचा विचार करायला लागले. त्यातून जे कळले, ते आज सांगते.

ही पार्के आली कुठून

पाळणे आपल्याला नवे नाहीत. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा असो, म्हसवड-खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा असो, आकाशपाळण्याशिवाय यात्रा होत नाही. फरक एवढाच की यात्रेत प्रत्येक पाळण्याचे पैसे वेगळे. त्यामुळे एक-दोन पाळण्यांत बसून माणूस पुढे जातो. पार्कात दारातच एकदा तिकीट काढायचे आणि आतले खेळ हवे तितके खेळायचे. पैसे आधीच भरलेले असल्याने प्रत्येकाला प्रत्येक खेळ हवा असतो. रांगेचे पहिले कारण हे.

अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड सुरू झाले, ते जगातले सगळ्यांत गाजलेले असे पार्क. आपल्या देशात दिल्लीत १९८४ मध्ये अप्पू घर निघाले. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. तिथे बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून जायचे. आपल्याला त्यातल्या त्यात जवळचे मोठे पार्क म्हणजे रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावरचे इमॅजिका. ते २०१३ मध्ये सुरू झाले. तिथल्या नायट्रो नावाच्या रुळांवरच्या पाळण्याची उंची साधारण ४० मीटर आहे, वेग तासाला शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि वाटेत पाच वेळा माणूस उलटा होतो. त्याशिवाय नुसते पाण्याचे खेळ असलेली पार्के वेगळी. लोणावळ्याजवळ आणि शिर्डीत वेट एन जॉय आहे.

रांगेचे गणित

आता गिरणीचे उदाहरण घेऊ. दुपारी दोनला दळण घेऊन गेलात तर गिरणीवाला बसूनच असतो. लाईट गेली आणि संध्याकाळी सहाला आली, की अर्धे गाव डबे घेऊन हजर. गिरणी तीच, वेग तोच, दिवसभराची दळणेही तेवढीच. सगळी एकदम आली म्हणून रांग लागली. पार्काचेही असेच असते. मोठ्या गर्दीच्या दिवशीसुद्धा तोच पाळणा सकाळी पहिल्या अर्ध्या तासात मोकळा असतो आणि दुपारी बाराला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

रांग मोजताही येते. डेन्मार्कमध्ये एरलांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्ये टेलिफोनच्या कॉलसाठी हे गणित मांडले होते, तेव्हापासून जगभर ते वापरतात. आपल्याला त्यातले एवढेच हवे. पाळण्यातून एका फेरीत किती माणसे उतरतात ते बघा. एक फेरी सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटे जातात ते बघा. समजा, २४ माणसे बसतात आणि दर चार मिनिटांनी फेरी सुटते. म्हणजे मिनिटाला सहा माणसे. पुढे १८० जण उभे असतील, तर अर्ध्या तासात तुमचा नंबर.

दुसरा पाळणा बघा. बारा जण बसतात, सहा मिनिटांना फेरी. मिनिटाला दोनच माणसे झाली. पुढे फक्त ६० जण आहेत, पण वेळ तोच, अर्धा तास. बायका काय करतात? साठांची रांग बघून "इथे कमी आहे" म्हणून घुसतात. रांगेची लांबी बघू नका, ती किती सरकते ते बघा. होड्या किंवा डबे एकामागून एक सुटत राहतात अशा खेळांची रांग लांब दिसली तरी भराभर सरते. आणि जिथे मोठ्या हॉलमध्ये शंभर-दीडशे जण एकदम आत घेतात, तिथे हॉल एकदा भरला की रांगच संपते.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. बाहेर दिसते तेवढीच रांग नसते. आत कठडे लावून नागमोडी वळणे केलेली असतात, कधी रांग इमारतीच्या आतही चालू राहते. म्हणून दारातल्या कर्मचाऱ्याला सरळ विचारायचे, "दादा, आत्ता किती वेळ लागेल?" ते रोज बघतात, त्यांना अंदाज असतो. काही ठिकाणी मिनिटांचा फलकच लावतात. विचारायला लाजू नका.

आपल्याकडे आहे, शहराकडे नाही

रांग टाळण्याचा सगळ्यांत मोठा उपाय पार्कात नाही, तो आपल्या बैठकीत आहे. वार कोणता निवडायचा?

पुण्या-मुंबईच्या नोकरदार माणसाला शनिवार-रविवारच मिळतो. त्याला बुधवार मिळत नाही. आपल्याला मिळतो. आपण नेहमी म्हणतो, आपल्याकडे काय आहे? पण महिना आधी ठरवले, तर मंगळवार, बुधवार, गुरुवार यातला कुठलाही दिवस आपण काढू शकतो. अट एकच, मागची सोय लावून निघायचे. आमच्या गटात दहा-बारा जणींच्या घरी दुभती जनावरे आहेत. सकाळ-संध्याकाळच्या धारा कोण काढणार, यावरच सहल मोडायची. मग आम्ही धारांची पाळी लावली. ज्या सहलीला येत नाहीत, त्यांनी दोन दिवस शेजारणीच्या धारा काढायच्या. पुढच्या वेळी त्या जातील तेव्हा आपण काढायच्या. हे इतिवृत्तात लिहून घेतले, म्हणजे कुरबूर नाही.

आता दिवस. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवे वर्ष, मे महिना आणि लागून आलेल्या सुट्ट्या टाळा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात आणि त्या आडवारीही येतात. पाण्याच्या पार्कात उन्हाळ्यात गर्दी असणारच. भर पावसात गर्दी नसते, पण खोपोलीकडे पाऊस आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे उंच खेळ थांबवतात आणि घाटातही जोखीम असते. आम्ही गणपती आणि नवरात्र यांच्या मधला बुधवार धरला. काही जणी म्हणाल्या, "पितृपंधरवड्यात सहल?" त्यावर बैठकीतल्याच एक काकू म्हणाल्या, "आपण काय लग्न लावायला चाललोय व्हय?" आणि विषय संपला. तुमच्या गावाला जे पटेल ते करा. पण लोक सहसा ज्या दिवसांत निघत नाहीत, त्या दिवसांत रांग नसते.

पैशाचेही बैठकीतच ठरवा. उमेदचा फिरता निधी अंतर्गत कर्जासाठी असतो, त्याला सहलीसाठी हात लावायचा नाही. सहलीची बचत वेगळी ठेवा, वेगळी वही ठेवा. पार्कात फोन करून त्या तारखेला ते चालू आहे का, किती वाजता उघडते, गटाला सवलत आहे का, बाहेरचे खाणे आत नेऊ देतात का, हे विचारून घ्या. दर लेखी मागवा. तिकीट वारानुसार बदलते, बऱ्याच ठिकाणी आडवारी स्वस्तही पडते.

दार उघडताना दारात

साताऱ्याहून खोपोली दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर, सांगलीहून तीनशेच्या. साताऱ्याहून चार-साडेचार तास, सांगलीहून साडेसहा-सात तास धराच. त्यात खंबाटकी घाट आणि कात्रजच्या पुढचा बायपास कधी अडवेल सांगता येत नाही. पहाटे निघून दहाला पोचू, हा हिशेब कागदावरच राहतो.

म्हणून आम्ही दुसऱ्यांदा आदल्या दिवशी दुपारी निघालो. आळंदीला मुक्काम केला, माउलींचे दर्शन झाले, धर्मशाळेत झोपलो. सकाळी सातला निघून पावणेदहाला पार्कच्या दारात. पार्क उघडायला अजून वेळ होता. मुक्कामामुळे बाईमागे ३०० रुपये वाढले, म्हणून काही जणी आधी नाखूश होत्या. पण सकाळचा पहिला दीड तास हा दिवसातला सगळ्यांत मोलाचा वेळ असतो. दुपारी ज्या खेळाला तास-सव्वा तास उभे राहावे लागेल, तो तेव्हा दहा मिनिटांत होतो.

आत गेल्यावर बहुतेक लोक काय करतात? दाराजवळ फोटो काढतात, मग समोर पहिला जो खेळ दिसेल त्याच्या रांगेत उभे राहतात. तुम्ही तसे करू नका. फोटो संध्याकाळी काढा. आत शिरताच नकाशा घ्या आणि सरळ शेवटच्या टोकाला जा. तिकडून दाराकडे खेळत या. ज्या मोठ्या पाळण्याची सगळीकडे जाहिरात असते तो कुणाला खेळायचा असेल, तर तो पहिला करा.

जेवणही असेच. एकच्या ठोक्याला सगळे पार्क जेवायला उठते. आपण साडेअकराला पोटाला आधार द्या, नाही तर अडीचला जेवा. एक ते दोन या वेळेत खेळांच्या रांगा थोड्या कमी होतात, तेव्हा खेळून घ्या. भर दुपारी, तीनच्या सुमारास, पाय दुखायला लागतात आणि रांगा सगळ्यांत लांब असतात. तेव्हा मोठ्या हॉलमधले सिनेमासारखे खेळ घ्या. बसायला मिळते, सावली मिळते आणि शंभर जणी एकदम आत जातात. शेवटच्या तासात लांबच्या गाड्या निघून जातात आणि रांगा पुन्हा ओसरतात. राहिलेला एखादा खेळ तेव्हा होतो. पण मुख्य बेत शेवटावर ठेवू नका, पावसाने घात केला तर गेला.

चौतीस जणी एका रांगेत नकोत

पहिल्या वेळी आम्ही "कुणी मागे राहायचे नाही" म्हणून सगळ्या एकत्र फिरलो. एकीला लघवीला जायचे तर तेहतीस जणी थांबायच्या. एका पाळण्यात चौतीस मावायच्या नाहीत, मग अर्ध्या खाली उभ्या राहून वाट बघायच्या.

दुसऱ्या वेळी सहा-सात जणींच्या तुकड्या केल्या. वयावर नाही, आवडीवर. उंच पाळणे खेळणाऱ्या एका तुकडीत, बेताचे खेळ हवे असणाऱ्या दुसऱ्यात, नुसते बघत हिंडायचे त्या तिसऱ्यात. प्रत्येक तुकडीत एक तरी वाचता येणारी आणि फोन चार्ज असलेली. दुपारी अडीचला जेवणाच्या जागी आणि संध्याकाळी साडेपाचला दारात भेटायचे, एवढेच ठरवले. फोन लागला नाही तरी भेट चुकत नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या हातावर पेनाने गाडीचा नंबर आणि माझा फोन नंबर लिहिला. यात्रेत लेकरांच्या खिशात चिठ्ठी ठेवतो तसेच.

आणि पिशव्या. पिशव्या गाडीतच ठेवायच्या. पाण्याची बाटली, औषध, रुमाल आणि थोडे पैसे एवढे घेऊन आत जायचे. बहुतेक पार्कांत भाड्याने कुलूपबंद कप्पा मिळतो, सहा जणींत एक घेतला तर फार पडत नाही. बाकावर बसून सामान राखायचे काम कुणालाच द्यायचे नाही, असा आम्ही ठरावच केला. लहान लेकरू बरोबर असेल तर दोघींनी जोडी करा. एक खेळेल तेव्हा दुसरी लेकरू धरेल, मग अदलाबदल. रांगेत शिरतानाच कर्मचाऱ्याला सांगून बघा. काही ठिकाणी दुसरीला परत रांग लावावी लागत नाही.

पैसे देऊन पुढे जायचे का?

आपण टँकर यायच्या आधी हंडा रांगेत ठेवतो आणि घरी जाऊन भाकरी थापतो. माण, खटाव, जत, आटपाडीच्या बायकांना हे सांगायला नको. हंडा आपला नंबर धरतो. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांनी १९९९ मध्ये हेच केले. चिठ्ठी घ्या, दुसरीकडे फिरा, चिठ्ठीवरच्या वेळेला या. आधी ही सोय फुकट होती, २०२१ पासून त्यांनी तिचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

आपल्याकडेही मोठ्या पार्कांत जादा पैशांचे जलद रांगेचे तिकीट मिळते. ते घ्यावे का? हिशेब करा. आडवारी गेलात आणि वेळेत पोचलात, तर त्याची गरज पडत नाही. सुट्टीच्या दिवशी जावेच लागले, तर त्या तिकिटाने किती खेळ वाढतील ते विचारा. कारण ते काही ठरावीक खेळांनाच चालते. गटातल्या चौघींनी घेतले आणि बाकीच्यांनी नाही, तर सहलीत दोन जाती पडतात, तेही लक्षात घ्या.

आणि एक करू नका. एकीला रांगेत उभी करून मागून अकरा जणी घुसवायच्या. टँकरवर कुणी असे केले तर आपण काय बोलतो, ते आठवा. एकीची जागा म्हणजे एकीचीच जागा.

रांग आणि जीव

हे सांगताना थोडी गंभीर होते. २५ जानेवारी २००५. शाकंभरी पौर्णिमा. आपल्याच वाई तालुक्यात मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. जवळजवळ तीनशे माणसे गेली, त्यात बायका आणि लेकरे फार होती. वाट अरुंद, दोन्ही बाजूंनी दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. पुढे माणसे पडली हे मागच्यांना कळले नाही आणि मागून रेटा येतच राहिला. पुढे काय झाले ते मागच्याला दिसत नाही, हेच गर्दीचे सगळ्यांत मोठे भय.

म्हणून पार्क असो, यात्रा असो, पुढच्याला ढकलायचे नाही. कोंडल्यासारखे झाले तर दोन्ही हात छातीपुढे धरा, म्हणजे श्वासाला जागा राहते. उलट दिशेला जोर लावू नका, गर्दीबरोबर सरकत तिरके कडेला निघा. चप्पल पडली, पिशवी पडली तरी वाकू नका. लेकराला बोटाला धरून नाही, उचलून घ्या.

पाळण्यात बसताना साडीचा पदर, ओढणी, मोकळी वेणी यांची काळजी घ्या. चाकात, रुळात कापड अडकले तर जिवावर बेतते. शक्यतो पंजाबी ड्रेस घाला, ओढणी काढून ठेवा, केस घट्ट बांधा. साडीच नेसायची असेल तर पदर खोचून पिन लावा आणि वेगाचे खेळ टाळा. गंठण, झुमके घरी ठेवून या. गरोदर बाई, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेली, पाठीचे किंवा मानेचे दुखणे असलेली, नुकतेच ऑपरेशन झालेली, यांनी झटक्याचे पाळणे खेळू नयेत. खेळाच्या दारात उंचीची आणि आजाराची पाटी असते, ती वाचता येणाऱ्या बाईने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. "काही होत नाही गं" म्हणून कुणाला ओढू नका.

पाण्याच्या पार्कात जाणार असाल तर कपड्यांचे आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी सुती कपडे, साडी चालत नाही, नायलॉनचा पोशाख लागतो. तिथे भाड्याने घ्यायचा तर भाडे, वर अनामत आणि त्याचीही रांग. अंगभर नायलॉनचे कपडे गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडून आधीच शिवून नेले, तर लाजही वाचते आणि वेळही. फक्त ते कापड तिथे चालते का, एवढे फोनवर विचारा.

शेवटी काय झाले

दुसऱ्या सहलीला आक्का यायलाच तयार नव्हत्या. ठराव वाचून दाखवला, तेव्हा म्हणाल्या, "बघू." निघायच्या दिवशी गाडीत सगळ्यांच्या आधी बसल्या होत्या. बेताच्या खेळांच्या तुकडीत त्यांना घातले. त्या बुधवारी बहुतेकींचे नऊ खेळ झाले. खर्च २,७०० रुपये, म्हणजे खेळ ३०० रुपयांना पडला, निम्म्या किमतीत. दोघी-तिघींना गाडी लागली, त्यांचे पाच-सहाच झाले. आक्कांचे सात झाले. होडीच्या खेळात त्या दोनदा बसल्या, पहिल्यांदा डोळे मिटले होते म्हणून. संध्याकाळी दारात मला म्हणाल्या, "पाय लई दुखत्यात गं." मी म्हटले, "उभं राहून?" तर म्हणाल्या, "न्हाय, हिंडून."

तर मैत्रिणींनो, थोडक्यात पुन्हा सांगते, वहीत लिहून घ्या. वार आडवा निवडा. आदल्या दिवशी निघा, दार उघडायच्या आधी पोचा. लांबच्या टोकापासून सुरुवात करा. जेवणाची वेळ बदला. रांग मोजा, विचारा. सहा-सात जणींच्या तुकड्या करा. कुणालाही पिशव्यांपाशी बसवू नका.

पुढच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला की ठिकाण ठरवायच्या आधी एक प्रश्न विचारा. मागच्या सहलीत कोण बसून राहिले होते? त्या बाईला बोलू द्या आणि तिच्या सोयीने बेत आखा.